नळीच्या तोंडाशी जमलेला तपकिरी धूर

भापकर बाई गेल्याचं मला सरूबाईंनी फोनवर सांगितलं. सरूबाई म्हणजे मिरजगावकडच्या आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या त्या. "नगरला दवाखान्यात हुत्या, सकाळी गेल्या," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता सहा आठवडे होतील. दोघांनाही एकच दिवस आठवत होता, हे न सांगताच कळलं.

मी त्या शाळेत प्रयोगशाळेचा परिचर होतो, बाई विज्ञान शिकवायच्या. मुलांना त्या पुडीत बांधून पांढरी पूड द्यायच्या, नाव न सांगता. ज्योतीला कोणता रंग येतो ते बघायचं, आम्ल घातल्यावर कोणता वायू निघतो, त्यानं चुन्याची निवळी दुधाळ होते का ते बघायचं आणि मगच नाव सांगायचं. कुणी घाई केली की विचारायच्या, "बघून सांगतोस की तपासून?" मी बारावी नापास माणूस, पण परीक्षानळ्या धुता धुता मलाही यातलं पुष्कळ पाठ झालं होतं.

एका पावसाळ्यात प्रयोगशाळेचं छत गळू लागलं. बाईंना न विचारता मी काही बरण्या उचलून खिचडीच्या कोठीत नेऊन ठेवल्या. ओलीनं त्यातल्या एकीचं लेबल गळून पडलं होतं. दोन दिवसांत परत आणू म्हटलं आणि विसरलो.

सरूबाईंनी तीच बरणी मीठ म्हणून उघडली. खारटपणा लागेना म्हणून आणखी दोन मुठी टाकल्या, पुन्हा चाखून बघितलं. मुलं ताटल्या घेऊन ओळीनं बसली होती, वाढायला नुकती सुरुवात झाली होती आणि सरूबाई भिंत धरून खाली बसल्या. ओठ निळे पडलेले. "मीठ लई येगळं लागतंय, बाई," त्या कशाबशा म्हणाल्या. बाईंनी आधी वाढप थांबवलं, चार मुलींच्या पुढ्यातल्या ताटल्या स्वतः काढून घेतल्या. एकीनंही घास उचललेला नव्हता. मग बरणी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "ही आपल्याकडची आहे का, दत्तूभाऊ?"

मी म्हणालो, "नाही."

नोकरी डोळ्यांपुढे आली, दुसरं काही नाही.

बाई बरणी घेऊन प्रयोगशाळेकडे धावल्या, मी मागे. तारेवर पूड घेऊन त्यांनी ज्योतीत धरली. ज्योत पिवळीधमक झाली. म्हणजे सोडियम, पण ते तर मिठातही असतं. क्षणभर मला वाटलं, मीठच निघू दे... मग त्यांनी चिमूटभर पूड नळीत घेऊन विरल आम्लाचे थेंब सोडले. मिठाला काहीच झालं नसतं. इथं मात्र नळी फसफसली आणि तोंडाशी तपकिरी धूर जमला. "नायट्राइट," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता फोन लावू लागल्या. डॉक्टरांनी सरूबाईंना थेट नगरला आणायला सांगितलं. विषाचं नाव कळल्यामुळे त्यावरचं औषध त्यांना आधीच तयार ठेवता आलं.

सरूबाईंना घेऊन जीप गेल्यानंतरची ती दुपार मला आजही नीट सांगता येत नाही. निरोप काही येत नव्हता. फाटकाशी आया जमल्या होत्या. शेवटी राहवेना, तेव्हा प्रयोगशाळेत जाऊन मी बाईंना सगळं सांगितलं. त्या नळ्या धूत होत्या. माझं काम त्या करत होत्या.

"तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी आधी आपल्याच यादीत शोधलं असतं," त्या म्हणाल्या. "तेवढी मिनिटं सरूबाईंची गेली." मग हातातली नळी पुसून शांतपणे म्हणाल्या, "तुमचं तुम्ही लिहून द्या. रसायनांची जबाबदारी माझी होती, ते मी लिहिते."

सरूबाई चौथ्या दिवशी घरी आल्या. मला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. बाईंच्या सेवापुस्तकात मात्र शेरा पडला आणि पुढे मुख्याध्यापकपद दुसऱ्या कुणाला गेलं. त्याबद्दल त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या दिवशी नळी धरलेला त्यांचा हात जराही हलला नव्हता, त्यामुळे इतकी वर्षं मी समजत होतो की घाबरलो तो मी एकटाच.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. मुलीनं, मेधानं, जेवूनच जा म्हणून बसवलं. एक वाजून गेला, स्वयंपाक झालेला होता, पण पानं काही मांडली जाईनात. मग तीच ओशाळून म्हणाली, "आमच्याकडे दोननंतर जेवतात, काका. आई निवृत्त झाली तरी शाळेतल्या मुलांची जेवणं उरकून तासभर उलटेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. फोन मांडीवर घेऊन बसायची. कुणाचा येणार आहे विचारलं, तर म्हणायची, कुणाचा नाही, वाजला नाही म्हणजे झालं."

खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत राहिलो... दोन वाजले. मेधा उठली आणि तिनं पानं मांडली.