विश्लेषकाची फील्डवरची माहिती

टीव्हीवर माझ्या नावाखाली 'राजकीय विश्लेषक, नाशिक' अशी पट्टी येते. ही पदवी मला कुठल्या विद्यापीठाने दिलेली नाही. एका वाहिनीच्या समन्वयकाला दुपारी कुणीतरी हवं होतं आणि मी फोन उचलला, एवढंच. कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. तिथे 'असं असू शकेल' म्हणता येतं. टीव्हीवर तसं म्हटलं की अँकर म्हणते, "सर, एका वाक्यात." मग सर एका वाक्यात देश उरकतात. बाजूच्या चौकटींतले तिघे मोठ्याने ओरडतात, मी हळू आवाजात ओरडतो. म्हणून मला अभ्यासू समजतात.

यंदा निवडणुकीनंतर माझी एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी येवल्याकडच्या एका गावात जात होती. एसटीने जायची, बायकांशी ओट्यावर बसून बोलायची. बरेच दिवस नुसता चहाच मिळाला. मग काही जणी बोलल्या: घरच्यांनी सांगितलं तिथे बटण दाबलं नाही, आपल्या मनाने दाबलं. मी तिचा मार्गदर्शक, म्हणून तिने मला सांगितलं.

"सर, थोडीच घरं झालीत. कुठे बोलू नका हं."

त्याच संध्याकाळी चर्चेत माझ्याआधीच्या गृहस्थांनी लाट, जात आणि कांदा हे तिन्ही शब्द वापरून टाकले. मला काही उरलंच नाही. "सर, एका वाक्यात?" मी म्हणालो, तिकडच्या बायकांनी नवऱ्यांना न सांगता वेगळं मतदान केलं, ही माझी फील्डवरची माहिती आहे. गावाचं नावही घेतलं. नाव घेतलं की अभ्यास खरा वाटतो. अँकरचे डोळे चमकले. मला बरं वाटलं. आता ते बरं वाटणं आठवलं की किळस येते.

पुढच्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी आली, पण बसली नाही.

"सर, मला बघून दारं लावतात. कुणाची बायको बोलली, ते शोधतायत. एकीला माहेरी धाडलंय."

"मी टीव्हीवर माफी मागतो."

"माफी मागितली तर ते खरंच ठरेल ना!"

दुपारी समन्वयकाचा फोन आला. "सर, बायकांचा मुद्दा जबरदस्त चालला. आज परत घेऊ."

मी गेलो आणि म्हणालो, "ती माहिती खोटी होती. मी त्या गावात कधी पाऊल ठेवलेलं नाही. बोलायला काही नव्हतं, म्हणून मनाने ठोकून दिलं."

अँकर हसली. "सर आज मिश्कील मूडमध्ये आहेत!" आणि लगेच जाहिरात. मी सगळ्या महाराष्ट्रासमोर स्वतःला खोटारडा म्हटलं होतं. समन्वयकाने विचारलं, "सर, उद्या दिल्लीवर बोलाल ना?"

मी नाही म्हणालो. त्यांना दुसरा मिळायला किती वेळ लागणार?

ती पुन्हा गावात जाऊन आली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

ती घुटमळली. "एक आजी म्हणाल्या, 'तुझा तो टीव्हीवाला मास्तर लय फेकतो, नाय?'"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं, सर."

"मग?"

"मग चहा दिला."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"आणि ती माहेरी धाडलेली?"

"ती अजून तिकडेच आहे, सर."