पुणं, मुंबई की इथंच?

अकाउंट्स शिकवणाऱ्या बाईकडे ताळेबंद एक वेळ जुळणार नाही, पण किस्से जमणारच! रत्नागिरीत मारुती मंदिरच्या अलीकडे आमचा बारावी कॉमर्सचा क्लास. मी अकाउंट्स घेते, घाणेकर सर इकॉनॉमिक्स. वर्षभर मुलं आमचं ऐकून घेतात आणि निकाल लागले की आम्ही त्यांच्या आईबापांचं ऐकून घेतो. कारण हल्ली सगळ्यांना बीबीए करायचं असतं आणि एकाच पोराला दोन-दोन, तीन-तीन कॉलेजं 'ये' म्हणतात. आमच्या वेळी असली डोकेदुखी नव्हती. एसटी जिथं जायची ते आपलं कॉलेज!

\*

सुरुवात आफ्रीनपासून करते. मिरकरवाड्याची पोर, बापूस मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. मुंबईच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, पण तिचा जीव पुण्याच्या एका बड्या कॉलेजवर. त्यांचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. नेमका त्याच दिवशी वारा असा सुटला की आधी वीज गेली आणि तिच्यामागोमाग नेटवर्क. घरच्यांनी हात टेकले.

आफ्रीनने नवा ड्रेस घातला, नाक्यावरून रिक्षा बोलावली आणि रिक्षावाल्या बंड्यादादाला म्हणाली, "दादा, जिथं रेंज मिळेल तिथं थांबवा."

थिबा पॅलेसच्या चढावर रेंज मिळाली. रिक्षाच्या मागच्या सीटवर इंटरव्ह्यू सुरू! स्क्रीनवर टाय लावलेले सर, इकडे टपावर ताडताड पाऊस. मधेच एक छत्रीवाला आत डोकावला, "काय रे, स्टेशनला येतंस काय?"

बंड्यादादा ओरडला, "गप मेल्या, इंटरव्ह्यू चाललाय!"

हे पुण्यात अगदी स्वच्छ ऐकू गेलं. तिकडचे सर हसू दाबत म्हणाले, "शेवटचा प्रश्न. अचानक अडचण आली तर तुम्ही ती कशी हाताळता?"

"सर, मघापासून तुम्ही तेच बघताय!"

घरात वीज यायच्या आधी अ‍ॅडमिशन आली. मुंबई की पुणं, हा प्रश्नच उरला नाही. आफ्रीन मला म्हणाली, "मॅडम, ज्यांनी मला रिक्षात बसलेली चालवून घेतली, ते पुढचंही सगळं चालवून घेतील!"

\*

लांज्याची सायली. तिच्या बाबांचा काजूचा छोटा कारखाना. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाने सायलीला प्रवेश देऊ केला होता आणि तिथली एक मुलगी रोज बाबांना फोन करायची. एकदा ते माझ्यासमोरच बसले असताना फोन आला. त्यांनी स्पीकर ऑन केला.

"काका, आमच्या कॅम्पसमध्ये ऑलिंपिक साइजचा स्विमिंग पूल आहे!"

"ताई, पोहायला आमच्या जिल्ह्यात अख्खा समुद्र पडलाय. शिकवायला कोण आहे ते सांगा!"

"मी सरांना विचारून सांगते," ती म्हणाली.

सर अजून विचार करतायत!

मग राहिली मुंबई. तिथलं कॉलेज उत्तम, शिकवणारे नावाजलेले, पण राहायचं कुठं? सायलीची आई मुंबईच्या भावाशी फोनवर बोलत होती. इथल्या प्रत्येक पोराचा एक मामा मुंबईत असतोच. मामा म्हणाला, "माझ्याकडे राहील की!"

"अरे दादा, तुझी खोली केवढीशी! पोर झोपेल कुठं?"

"अगो, माझी कायमची नाईट शिफ्ट! माझी जागा रात्रभर रिकामीच असते!"

सायली मुंबईला गेली. पुढे तिला हॉस्टेल मिळालं, पण पहिली परीक्षा तिने मामाच्या खोलीत राहूनच दिली आणि वर्गात पहिली आली. मामा आजही भेटेल त्याला सांगतो, "माझ्या जागेवर झोपून पहिली आली पोर!"

\*

आता आमचे घाणेकर सर. पालक कितीही मोठा प्रश्न घेऊन येवोत, सरांचं उत्तर एकच, "मुलाला विचारलंत का?" एवढ्यावर त्यांनी अर्धी रत्नागिरी मार्गी लावली आहे.

मग त्यांच्याच मुलाला, निखिलला, पुण्यात आणि मुंबईत, दोन्हीकडे बीबीएला प्रवेश मिळाला. सरांची झोप उडाली. वर्गात मागणी-पुरवठा शिकवताना फळ्यावर मधेच 'हॉस्टेल' असं लिहून मोकळे झाले!

एका सकाळी बघते तर सर माझ्या केबिनबाहेर पालकांच्या बाकावर बसलेले.

"सर, इथं का बसलात?"

"आज मी सर नाही, मॅडम. बापूस आहे. माझा नंबर आला की हाक मारा."

नंबर आला. सर बोलत सुटले. पुण्याची हवा, मुंबईच्या नोकऱ्या, बायकोचं मत, मेहुण्याचं मत, शेजारच्या पटवर्धनांचं मत. पाणी प्यायला थांबले तेव्हा मी हळूच विचारलं, "मुलाला विचारलंत का?"

सरांनी ग्लास खाली ठेवला. मग उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "ते राहिलंच!"

घरी जाऊन विचारलं, तर निखिल म्हणाला, "बाबा, मी परवाच पुणं नक्की केलं. तुमचं बोलणं संपायची वाट बघत होतो!"

\*

पावसचा ओंकार मात्र सगळ्यांच्या उलट. घरची आंब्याची बाग आणि आमरसाचं कॅनिंग. पुण्याच्या नामांकित कॉलेजात त्याचं नाव पहिल्याच फेरीत लागलं आणि पठ्ठ्याने रत्नागिरीतलं कॉलेज घेतलं! आम्हीसुद्धा समजावून दमलो. नातेवाईक तर विचारू नका. त्याची आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "घाबरला गो पोरगा!"

ओंकार तेव्हा खाली मान घालून एवढंच बोलला, "मला धंदा शिकायचाय, आणि धंदा इथं आहे."

सकाळी कॉलेज, दुपारी कॅनिंग. वर्गात मार्केटिंग शिकायचा आणि तेच बाबांच्या डब्यांवर करून बघायचा. लेबल बदललं, मुंबईची हॉटेलं गाठली. शिक्षण संपेपर्यंत शेजारच्या बागांचे आंबेही त्याच्याकडे यायला लागले.

गेल्या मोसमात त्याने मला मुद्दाम बोलावलं. दारात एक चकचकीत बस उभी राहिली आणि ब्लेझर घातलेली मुलं भराभर उतरली. त्याच पुण्याच्या कॉलेजची बीबीएची मुलं, ओंकारचा कारखाना अभ्यासायला आलेली! ओंकार तासभर बोलला, मुलं लिहून घेत होती. शेवटी त्यांच्या प्राध्यापकांनी विचारलं, "तुम्ही बीबीए कुठून केलंत?"

"इथूनच, सर. तसं तुमच्याकडेही नाव लागलं होतं माझं."

"मग आला का नाहीत?"

"बरं झालं ना, सर. तुम्ही आलात!"

मागे कोकम सरबताचा ट्रे घेऊन आत्या उभी होती. ती ठसक्यात म्हणाली, "आमचाच पोरगा तो!"

\*

आणि ही तन्वी. आमच्या क्लासची सगळ्यात हुशार पोर. वडील जहाजावर, महिनोन्‌महिने घराबाहेर. घरात मायलेकी दोघीच. आई सुजाताताई. त्यांची बारावी झाली आणि लगेच लग्न झालं, पुस्तकं तिथंच मिटली. तन्वीला अभ्यासात सोबत म्हणून त्या तिच्या शेजारी बसायच्या, आणि सोबत म्हणूनच त्यांनी बीबीएची प्रवेश परीक्षाही दिली. आम्ही सगळे कौतुकाने हसलो होतो.

तन्वीला पुण्याचं तिच्या मनासारखं कॉलेज मिळालं. रत्नागिरीतलंही मिळालं. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"मॅडम, मी इथलंच घेते."

"पुणं का नको?"

"आई एकटी पडेल. तिला सांगू नका, प्लीज. मला पुणं आवडलं नाही असं सांगणार आहे मी."

मी खूप समजावलं. पोरगी ऐकेना. तेवढ्यात दार ढकलून सुजाताताईच आत आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात पेढ्यांचा बॉक्स.

तन्वीने घाईघाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, मी ठरवलंय. मी रत्नागिरीचंच कॉलेज घेणार."

"ते नाही मिळायचं तुला."

"का?"

सुजाताताईंनी बॉक्स उघडला, पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि लाजत म्हणाल्या, "तिथं मी अ‍ॅडमिशन घेतली, मॅडम. आत्ताच करून आले. बीबीए."

तन्वी ताडकन उठली. मग तिने आईला घट्ट मिठी मारली. "मग तर झालंच! दोघी एकाच वर्गात जाऊ!"

सुजाताताईंनी तिला हळूच बाजूला केलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"तू आपली पुण्याला जा. कॉलेजात लेकीला घेऊन कोण जातं गो?"