ढावलो फायलीत उतरेस्तोवर

ऐक वं सोनू, कायले टाळून राह्यली आजीले? आज इन्व्हर्टर टीं-टीं वाजला अन् तुह्या मायची एक दुपार आठवली.

माही म्हातारी फुफी, म्हंजे आत्या, ढावलो गात होती, सासरी जाताना नवरी रडत गाते ते गाणं. “लग्नाबिगर एकदाच म्हणीन,” तिनं बजावलं होतं. तुह्या मायनं बनवलेला कॉम्प्युटरचा प्रोग्राम तिचा आवाज, गाणं न अडवता, मागच्या मागं डिस्कवर लिहीत होता. गाणं संपलं, लाइट गेली, इन्व्हर्टर टीं-टीं करत विझायले आला.

“बंद कर ना कॉम्प्युटर आता!” मी ओरडली.

“थांब याडी!” तुही माय मले, तिच्या आईले, म्हणाली. “ आवाज डिस्ककडे सोपवला, पण लिहून झाल्याचं डिस्कनं अजून कळवलं नाही.”

फुफी हसली, “पोरगी सासरी पोचल्याचा निरोप येईस्तोवर याडीही अशीच बसते.”

डिस्कचा निरोप आल्यावरच तुह्या मायनं बंद केलं; तवा मले तो हट्ट वाटला. आता फुफी नाही, आवाज आहे. लवकर ये, संगं ऐकू.