दॉक्सूदादाचं फडकं

दॉक्सूदादा ट्रेलर चालवतो आणि मी त्या ट्रेलरवर पोकलेन चढवतो. नवा ट्रेलर आला की आमच्या कोरियात, बुसानकडे डुकराचं मुंडकं मांडून पूजा करतात, चाकांवर तांदळाची दारू ओततात. एका वर्षी अशाच पूजेत दादाने भक्तीच्या भरात पोकलेन चढवायच्या लोखंडी रॅम्पवरही दारू ओतली. मी चढवायला गेलो आणि पोकलेन घसरून आडवं झालं. माझा खांदा निखळला.

तेव्हापासून रॅम्प कोरडा पुसल्याशिवाय दादा मला चढू देत नाही. आज पुन्हा नवा ट्रेलर आला, पूजा झाली, आणि दादा फडकं घेऊन गुडघ्यांवर बसला.

"काय दादा, देवावरचा विश्वास उडाला वाटतं?" मी विचारलं.

"देव केबिनमध्ये बसत नाही रे," तो पुसता पुसता म्हणाला. "तू बसतोस."