पाणी मिळेल

दुष्काळात आमच्या चेअरमनांना चांदी सुचली. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते, तेव्हा साहेबांनी दिंद्रुडच्या रस्त्याला भांड्यांवर मुलामा चढवणारी सहकारी संस्था काढली. चांदीच्या ताटात जेवणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत औषधालाही नव्हता. पण त्यांचा अंदाज पक्का होता. आमच्याकडे पिकं येवोत न येवोत, सत्कार बारमाही. तबकं, ढाली, अत्तरदाण्या. आत पितळ नाहीतर तांबं, वरून चांदी. चेअरमन स्वतः त्याच घडणीचे असल्यामुळे त्यांना धंदा लवकर कळला.

मी तिथे मुलामा देणारा. त्याआधी मी आणि बायको ऊस तोडायला जायचो. नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली, "आता फडात जायचं न्हाई बघा." त्या एका वाक्यासाठी मी दिवसभर आम्लाच्या वाफा खात उभा राहायचो. महिला सभासद असल्या की अनुदान मिळतं, असं कुणीतरी चेअरमनांच्या कानात सांगितलं, म्हणून माझ्यासोबत तीही सभासद झाली आणि गावातल्या बाकीच्या बायकाही.

आमच्या कामाला लोक 'चांदीचं पाणी देणं' म्हणतात. पाटीवर तसंच लिहायचं ठरलं. रंगाऱ्याने अर्धी पाटी चेअरमनांच्या नावाला आणि पदांना दिली, उरलेल्या कोपऱ्यात 'चांदीचे' बारीक कोंबलं आणि खाली ठळक अक्षरांत 'पाणी मिळेल'.

त्या उन्हाळ्यात मंत्री जलपूजनाला येणार होते. तलाव ठणठणीत कोरडा, पण तारीख ठरलेली. मग टँकर ओतून तळात डबकं करायचं ठरलं. पूजेचा कलश आमच्याकडून. मुलाम्याआधी भांड्याचं पालिशचं तेल भरपूर पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर चांदी धरत नाही. म्हणून वस्तीचा एक टँकर आमच्या टाकीत रिता झाला.

दुपारी दाराशी घागरींची रांग लागली. सगळ्यात पुढे एक म्हातारी.

"मावशी, इथं प्यायचं पाणी न्हाई. चांदीचं हाय," मी म्हणालो.

"सोन्याचं असू दे, बाबा. पाटीवर लिवलंय, पाणी मिळेल. खोटं लिवलंय का?"

पाटी खोटी होती असं म्हणायची लाज वाटली, आणि मागे टाकी तर भरलेली दिसत होती. मी नळ सोडला.

टाकी रिकामी झाली, म्हणून कलश मी आदल्या दिवशीच्या बादलीतल्या तेलकट पाण्यात विसळला. दिसायला झकास झाला. पूजेच्या वेळी मंत्र्यांनी अंगठ्याने दाबून धरला, तर कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटला आणि आतलं तांबं फोटोत आलं. कलशाचं पाणी उतरलं, त्याबरोबर चेअरमनांचंही.

मला काढून टाकायला खास सभा बोलावली. गुन्हा असा, की संस्थेचं पाणी परस्पर वाटलं. ज्यांना वाटलं त्या सगळ्या संस्थेच्याच सभासद होत्या, हे कुणाला आठवलं नाही. त्या सकाळी बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "चेअरमन वस्तीवर आलते. एक बी हात खाली राहिला तर टँकर बंद म्हणले. मी हात वर करणार हाय. तुमी राग धरू नका."

सभेत ठराव वाचला गेला. हात वर झाले. म्हातारीचा झाला, बायकोचा झाला. चेअरमनांनी सगळीकडे नजर फिरवली आणि गोड आवाजात म्हणाले, "एक सभासद राहिलेत वाटतं."

एवढा संताप मला जन्मात कधी आला नव्हता. समोर बायका हात वर धरून बसल्या होत्या आणि कुणीच तो खाली घेत नव्हतं. मीही हात वर केला.

ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर वेळेवर आला. दसरा झाला तशी बायको ऊसतोडीच्या गाडीत चढली, आणि पुढची कैक वर्षं आम्ही फडातच होतो.