बाबांचा वळसा आणि माझा ग्राफ

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला ग्राफ थिअरीचा पेपर होता आणि त्या वर्षी मी घरात कुणाला सुखाने जगू दिलं नाही. विषय दिसायला सोपा. ठिपके काढायचे, रेघांनी जोडायचे, आणि मग ठिपका कुठे आहे, रेघ सरळ की वाकडी, हे सगळं विसरून फक्त कोण कुणाला जोडलेलं आहे एवढंच बघायचं. मी दिसेल त्याचे ठिपके करत सुटले. नळावरच्या बायकांचे केले, मावशीच्या सासरच्या भांडणांचेही केले. आई म्हणायची, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." आमच्याकडे बैल नव्हता. एक सायकल होती, आणि ती बाबांच्या डब्यांनी लगडलेली असे.

बाबा मिलमध्ये विणाई खात्यात मास्तर होते. मिल बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. इंदुरात एकेका मिलचा भोंगा थांबत होता आणि पलासिया भागात दर दोन महिन्यांनी एक नवा कोचिंग क्लास उघडत होता. त्या क्लासांना बाहेरगावची मुलं येत, खोल्या घेऊन राहत आणि घरच्या जेवणासाठी जीव टाकत. आई पहाटेपासून पोळ्या लाटायची, बाबा चौदा डबे सायकलला टांगून पोहोचवायचे. आमचं घर त्या चौदा डब्यांवर चालत होतं. त्यातले दोन त्या महिन्यात बंद झाले, कारण पोळ्या गार मिळतात अशी तक्रार होती.

मग मी वही उघडली. घर, चौक, मुलांच्या खोल्या हे ठिपके, रस्ते या रेघा. बाबांना बसवून विचारलं, कुठून कुठे जाता? आणि मला हर्षच झाला. मिलच्या दारावरून एक सरळ रस्ता होता, पण बाबा रोज भाजीमंडीला वळसा घालून, वीस-पंचवीस मिनिटं जास्तीची घालवून जात होते. मी लाल पेनने ती सरळ रेघ ठळक केली.

"तू म्हणतेस तर बरोबरच असणार," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजीमंडीवरून गेले. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी भडकले. माझा राग नेहमी नाकावरच असायचा. "बाबा, तो रस्ता तुमच्यासाठी बांधलाच नाही का?"

"बांधलाय ना. मी जात नाही तिथून." विषय संपला.

मिलचं बंद दार बघवत नसेल, अशी मी समजूत करून घेतली. ग्राफमधली एखादी रेघ पुसली की उरतो तो सबग्राफ. पुसलेली रेघ एखाद्या चक्रात असली, तर बाकीचं सगळं जोडलेलंच राहतं, फक्त फेरा पडतो. म्हणजे बाबांचं इंदूर हे सगळ्या इंदूरचा एक रेघ कमी असलेला सबग्राफ. काही तुटत नाही, थोडं लांब पडतं. हे मी वहीत सुबक अक्षरात लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले.

पुढच्या आठवड्यात बाबांना ताप आला आणि डबे घेऊन मी निघाले, अर्थातच सरळ रस्त्याने. मिलच्या पुढच्या कोपऱ्यावर पोह्यांचा एक ठेला होता. ठेलेवाल्याने आधी सायकल ओळखली, मग मला. मीही त्यांना ओळखलं. ते बाबांच्या खात्यातले जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, मूळचे इंदूरजवळच्या सांवेरकडचे. एकोणीस वर्षं दोघांनी दुपारचं जेवण एकत्र घेतलं होतं आणि मराठी ते बाबांकडूनच शिकले होते.

"मास्तरजी ठीक आहेत ना, बेटा?"

ताप आहे म्हटल्यावर ते बराच वेळ झारा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी रोज बघतो. चौकापर्यंत येतात, मला बघून वळतात. त्यांना बोल, सोमवारपासून ठेला मी आतल्या गल्लीत लावून राहिलो. त्यांनी सीधं जावं. इतके डबे घेऊन फालतू फेरा पडतो ना."

घरी येऊन मी हे आधी आईला सांगितलं. आईने पोळपाट बाजूला सारला. "मिल बंद झाली तेव्हा जॉबरकाका गावी शेतीवर निघाले होते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी अडवलं. म्हणाले, दोन महिन्यांत भोंगा वाजतोय, जाऊ नको. ते थांबले, आणि गावची जमीन त्यांच्या भावाने स्वतःच्या हाताखाली घेतली. तेव्हापासून तुझ्या बाबांना त्यांना तोंड दाखवायची हिंमत होत नाही."

मला माझ्या वहीची लाज वाटली. रस्त्यांच्या ग्राफमध्ये ती रेघ चक्रात होती, पुसली तरी चालण्यासारखी. पण माणसांचाही एक ग्राफ होता आणि तो मी काढलाच नव्हता. त्यात या दोघांना जोडणारी रेघ एकच होती, वळसा घालून पोहोचता येईल अशी दुसरी वाट नव्हती. अशा रेघेला आमच्या विषयात ब्रिज म्हणतात. ती पुसली की ग्राफचे दोन तुकडे होतात. परीक्षेत मी तिची व्याख्या झोपेतही लिहिली असती.

मी बाबांना निरोप सांगितला. ते पांघरुणातून उठून बसले.

"आतल्या गल्लीत? तिथे कोण कुत्रं येणार आहे पोहे खायला? अक्कल विकून खाल्ली काय त्याने?" असे रागावलेले बाबा मी मिल बंद झाल्यापासून पाहिले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

सोमवारी ताप पुरता उतरला नव्हता तरी डबे टांगून ते निघाले. आईने मला मागोमाग पाठवलं. बाबा चौकात आले, थांबले, आणि सरळ गेले.

ठेला अजून कोपऱ्यावरच होता. बाबांना येताना बघून जॉबरकाकांनी घाईघाईने ठेला गल्लीकडे ढकलायला घेतला. बाबांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ठेल्याची दुसरी बाजू दोन्ही हातांनी धरली. काका ढकलत होते, बाबा धरून होते. दोघंही एकमेकांकडे न बघता ठेल्याकडे बघत होते आणि गरम पोह्यांची वाफ दोघांच्या तोंडावर येत होती. ठेला जागचा हलला नाही.

"माझं चुकलं, भिया," बाबा म्हणाले. "तुला थांबवायला नको होतं."

जॉबरकाकांनी हात सोडले. गळ्यातल्या पंच्याने डोळे पुसले, मग त्याच पंच्याने बाकडं पुसलं. "बसा, मास्तरजी. मी काय छोटा बच्चा होतो का? तुम्ही बोलले आणि मलापण थांबायचंच होतं."

बाबा बसले. ते लवकर उठणार नव्हते, हे मला दिसत होतं. मी सायकल घेतली आणि डबे घेऊन पलासियाला निघाले.