दव उडेपर्यंत

गायीला चारा टाकण्याआधी तो स्वतः चाखून पाहणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या बांधापलीकडे राहतो. या नानांच्या वाफ्यात दर हिवाळ्याला बरसीम असे. तीन-तीन पानांचा कोवळा, हिरवागार घास. दिवाळीच्या सुमारास पेरायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत पाच-सहा वेळा कापायचा. कापताना खाली चार बोटं राखायची, तीही नानांचीच. माझी बारीक म्हणून मला विळा मिळत नसे. दव उडाल्याशिवाय कापणी नाही. कापलेला घास जुन्या धोतरावर सावलीत पसरायचा, कोमेजला की कडब्यात मिसळायचा. तोवर पाहुण्यालाही चहा नाही. "घाई कोनले शे? गायले का तुले?" नाना विचारायचे. मी एकदा चोरून काडी चावून पाहिली. मला नुसतं गवत लागलं. नानांना त्यात काय कळत होतं, कोण जाणे.

त्यांचं पाहून मीही पेरलं, पण माझं पहिलं बरसीम पिवळं पडलं. पुढच्या पेरणीला नाना स्वतःच्या वाफ्यातली घमेलंभर माती घेऊन आले. "दहीले इरजन लागस, तशी या घासले जुनी माती लागस," म्हणाले आणि मीठ भुरभुरावं तशी ती विस्कटली. त्या हिवाळ्यात माझा वाफा हिरवा झाला.

त्याच हिवाळ्यात अमळनेरला लग्नाला जाताना त्यांनी गाय माझ्यावर सोपवली. मला कचेरीची बस गाठायची होती. त्यांच्या वाफ्यातला दवाने चिंब घास कापला आणि कडब्याशिवाय तसाच तिच्यापुढे टाकला. स्टँडवर उभा होतो तोच बायकोचा फोन आला, गायीचं पोट ढोलासारखं फुगलंय. डॉक्टर वेळेवर आले म्हणून ती वाचली. नानांना मात्र मी सांगितलं, "सगळं तुमच्यासारखंच केलं होतं."

"मंग मन्हाच घास बाधना," ते म्हणाले, आणि उभा वाफा नांगरून टाकला.

तीन हिवाळे त्यांच्या शेतात बरसीम नाही, आणि माझं त्यांच्याच मातीवर डुलतंय. यंदाच्या पहिल्या कापणीची पेंढी घेऊन गेलो आणि सगळं बोलून टाकलं. नाना बराच वेळ गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"माले काय सांगस? तिले सांग."

पन्नाशीला टेकलेला मी गायीपुढे हात जोडून उभा राहिलो. तिने माझी बाही चघळायला घेतली. नानांनी पेंढीतली एक काडी तोंडात घातली, डोळे मिटून सावकाश चावली.

"वला शे अजून. बैस."

घरातून त्यांनी ते जुनं धोतर आणलं. नीट घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर घास पसरून आम्ही दोघं बाजेवर बसलो. चहाचं अर्थातच कोणी नाव काढलं नाही.